एकटीची पात

मोशीच्या त्या जुन्या आळीत जांभळाचं झाड उरलंय एकच, आणि ते यशोदाबाईंच्या दारात आहे. बाकीची कधीच रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पोटात गेली. असं असताना साक्षरतेच्या परीक्षेत नऊच्या नऊ बायकांनी लिहून दिलं होतं, 'माझ्या दारात जांभळाचे झाड आहे.' आठव्या मजल्यावर राहणाऱ्या मंजुळाबाईंनीसुद्धा.

केंद्रप्रमुख अर्जुनराव साबळे यांनी नऊही उत्तरपत्रिका टेबलावर पत्ते मांडावेत तशा मांडल्या आणि वर्ग घेणाऱ्या दीपमालाला म्हणाले, "बसा मॅडम. मला जरा ही वृक्षलागवड समजावून सांगा."

दीपमालाला आधी हसू फुटलं. मग तिनं अक्षर पाहिलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. लेखनाचा भाग नऊही कागदांवर एकाच हातानं लिहिलेला होता. गोल, टपोरं अक्षर, वेलांटीला नको तेवढा डौल. तो हात यशोदाबाईंचा. गणितं सगळीकडे ठकुबाईंच्या आकड्यांत, एकमेकांच्या अंगावर रेललेल्या. ठकुबाई म्हणजे दीपमालाची सख्खी सासू. वाचनाच्या प्रश्नांवरच्या खुणा तिसऱ्याच कुणीतरी कागद फाटेल इतक्या दाबून केल्या होत्या. प्रत्येकीची स्वतःची अशी कागदावर एकच गोष्ट होती, ती म्हणजे वर लिहिलेलं नाव.

"कॉपी म्हणावी तर तसं पण नाही," अर्जुनराव म्हणाले. ते मूळचे परभणीकडचे. इतकी वर्षं इकडे काढूनही रागावले की त्यांच्या बोलण्यात गावाकडचा 'ओ' उतरायचा. "कॉपी करणारा चोरून बघतो आणि आपल्या हातानं लिहितो. इथं तर उजळ माथ्यानं कामाची वाटणी झालीय. नोकरीत मी असलं काही पाहिलं नाही ओ."

"पर्यवेक्षक कोण होतं, सर?"

"स्वप्नाली. नवीन पोरगी आहे. म्हणते, बाकांवर आज्यांचे गुडघे मावेनात म्हणून सतरंजी टाकली. आज्या गोल करून बसल्या, तिला छान वाटलं, फोटो काढला. तो फोटो वर पाठवायला रेंज मिळेना, म्हणून ती व्हरांड्यात गेली. आली तेव्हा सगळ्यांचे पेपर पूर्ण आणि सगळ्या बाया शेंगा खात बसलेल्या."

दीपमालाला तो गोल डोळ्यांसमोर दिसला. हसावं की रडावं ते तिला कळेना, कारण यात तिचंही काहीतरी पणाला लागलेलं होतं. डी.एड. होऊन तिची उमेद वाट बघण्यातच झिजत चालली होती. शिक्षक भरतीच्या बातम्या यायच्या आणि जायच्या. घरी शिकवण्या घेत घेत तिनं हा वर्ग सुरू केला, आणि या नऊ बायकांच्या परीक्षेत खरं तर ती स्वतःचीच परीक्षा बघत होती. 'माझ्या नऊच्या नऊ पास होणार' असं तिनं चार ठिकाणी सांगूनही ठेवलं होतं. माणसानं फुशारकी मारावी, पण निदान निकाल लागेपर्यंत थांबावं.

"हे मी पुढे पाठवू शकत नाही," अर्जुनराव म्हणाले. "पाठवलं तर माझी नोकरी जाईल, आणि नाही पाठवलं तर नऊही जणी नापास. काय करता बोला."

दीपमालाच्या मनात पहिलं नाव आलं ते मंजुळाबाईंचं.

*

हा वर्ग सुरू झाला तो ठकुबाईंनी परक्याच्या लग्नात जेवून घेतल्यामुळे.

आळंदीला त्यांच्या मावसभावाच्या नातवाचं लग्न होतं. मुलगा रविराज चाकणला पहिल्या शिफ्टला, सुनेच्या शिकवण्या, म्हणून ठकुबाई एकट्याच बसनं गेल्या. तिथं ओळीनं तीन मंगल कार्यालयं, तिन्हींवर फुलांच्या कमानी, तिन्हींवर नावांच्या पाट्या. ज्या दारात सनई चांगली वाजत होती त्या दारानं त्या आत गेल्या. अक्षता टाकल्या, नवरी जरा बारीक वाटली तर तसं बोलूनही दाखवलं, जेवल्या, जिलबी दोनदा घेतली, आणि आणलेलं लुगडं वरमाईच्या हातात ठेवून घरी आल्या. संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, "आक्का, का गं आली न्हाईस?"

घरात सगळे पोट धरून हसले. ठकुबाईही हसल्या. पण रात्रीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरली नाही. सकाळी त्या सुनेसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दीपे, मला पाटी वाचाया शिकीव. लुगड्याचं काय न्हाई, पर माझ्या माणसाच्या लग्नाला मी दारात जाऊन परत आले."

सासूला दीपमाला आत्या म्हणायची. आत्याला शिकवायचं म्हणजे आधी तिचा अवघडलेपणा जायला हवा, म्हणून तिनं आणखी दोघी-तिघींना बोलावलं. दोघी-तिघींच्या नऊ झाल्या. घरात जागा पुरेना, तेव्हा वर्ग यशोदाबाईंच्या ओट्यावर, जांभळाखाली भरू लागला. या सगळ्या एकेकाळी इंद्रायणीकाठच्या वावरांत एकत्र खुरपलेल्या बायका. वावरं गेली, बंगले आले, फ्लॅट आले, आणि बायका ज्याच्या त्याच्या दाराआड गेल्या. बाराखडीच्या निमित्तानं त्या पुन्हा एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या. पहिला महिनाभर शिकणं कमी आणि मागची उणीदुणी काढणंच जास्त झालं.

मंजुळाबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्या मुलानं, गणराजनं, वावर बिल्डरला दिल्यावर मोठ्या सोसायटीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मुलगा कंपनीत, सून दूर माणच्या आयटी कंपनीत. घर देखणं, भांडी चकचकीत, आणि दिवसभर त्यात मंजुळाबाई एकट्या. लिफ्टची त्यांना भीती होती. बटणांवरचे आकडे कळत नाहीत, भलतीकडेच उतरलो तर सगळी दारं सारखी. त्यामुळे कुणी सोबतीला असेल तरच त्या खाली येत. ठकुबाई रोज दुपारी वर जाऊन त्यांना घेऊन यायच्या आणि वर्ग सुटला की पोचवायच्या.

शिकण्यात मंजुळाबाई सगळ्यांच्या मागे होत्या. बाकीच्या धडे वाचायला लागल्या तेव्हा त्या अजून काना-मात्रेशी झगडत होत्या, आणि वजाबाकी म्हटली की त्यांचे हात थंड पडायचे. पण पाटी छातीशी धरून त्या सगळ्यांच्या आधी ओट्यावर बसायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी उठायच्या. दीपमालानं त्यांना लिफ्टवरचा इंग्रजी आठ शिकवला होता, एकावर एक ठेवलेले दोन लाडू, आणि खाली यायचं शून्य, म्हणजे एकच लाडू. त्यांना ते ओळखता यायचे. तरी एकटीनं बटण दाबायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता.

आणि परीक्षेच्या आधी गणराजनं सांगून टाकलं होतं, "आई, पास झालीस तर चांगलंच आहे. नापास झालीस तर मग पुरे. ह्या वयात चारचौघांत हसं करून घ्यायचं नाही." पोरगा वाईट नव्हता. आईला कुणी हसू नये एवढंच त्याच्या मनात होतं. पण नापास झाल्या की मंजुळाबाई पुन्हा त्या आठव्या मजल्यावर बसणार, हे सगळ्या आळीला कळलं होतं.

*

"आत्या, हे तुम्ही काय केलंत?" घरी आल्या आल्या दीपमालानं विचारलं.

ठकुबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची पुसटशी रेघही नव्हती. "सावड केली," त्या म्हणाल्या. "त्यात काय?"

"परीक्षेत सावड?"

"मंग? आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. ज्या बाईला जे चांगलं येतं ते तिनं समद्यांचं करायचं. यशोदीचं अक्षर चांगलं, तिनं लिवलं. माझी गणितं चांगली, मी केली. नऊ पेपर बघता बघता उरकलं. एकेकीनं केलं असतं तर अंधार पडला असता."

"आत्या, पेपर लवकर उरकायला नव्हता दिला!"

ठकुबाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली आणि पहिल्यांदा सुनेकडे नीट पाहिलं. "खुरपाया बसलो आणि एकीची पात, तिच्या वाट्याची वळ, मागं पडली, तर आमी काय करतो? आपली पात संपवून तिच्या पातीला लागतो. तिला मागं ठिऊन बांधावर जाऊन बसलेलं कुणी बघितलंय का? मंजुळी मागं पडली व्हती. तिचा कागद कोरा व्हता, दीपे."

दीपमालानं मेथीची उरलेली जुडी ओढली आणि तीही निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव स्वतःच ओट्यावर आले. साहेब येणार म्हणून यशोदाबाईंनी चहात इतकं आलं घातलं होतं की पहिल्याच घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरच्या नऊ जणींना वाटलं, साहेब फारच दुखावले आहेत. मंजुळाबाई ठकुबाईंच्या पाठीआड सरकल्या.

दीपमाला रात्रभर विचार करून तयारीनं आली होती. "सर, शितावरून भाताची परीक्षा होते, मान्य. पण भात एका पातेल्यातला असेल तर. ही नऊ वेगवेगळी पातेली आहेत. कुणी शून्यापासून सुरुवात केली, कुणी लहानपणी दुसरीपर्यंत शिकलेली. एकाच कागदानं सगळ्यांना कसं मोजायचं? आणि मिळून केलं त्यातही शिकणं आहेच की. कुणाला काय येतं हे ह्यांना एकमेकींबद्दल पक्कं माहीत आहे, ते मलासुद्धा माहीत नव्हतं."

"तुमचं खरं आहे मॅडम," अर्जुनराव म्हणाले. "पण कागदावर नाव एकीचं असतं. नऊ जणींनी मिळून लिहिलं तर नऊ जणींना मिळून लिहिता येतं एवढंच मला कळलं." मग ते ठकुबाईंकडे वळले. "आजी, मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे. मला एक सांगा. गावात नवी सून आली, कधी खुरपं धरलेलं नाही. तिला तुम्ही लगेच सावडीत घेता का?"

"लगीच कशी घेणार? आधी बघाया लागतं."

"कसं बघता?"

"तिला एक पात देतो एकटीला. कडंची. गवताच्या जोडीनं पीक तर उपटीत न्हाई ना, खोल खुरपती का वरवर खरडती, ते बघतो."

"आणि पीक उपटलं तर हाकलून देता?"

"आवं, हाकलतोय कशाला! कुठं चुकती ते कळलं म्हंजी शिकिवता येतं. मोठ्या घोळक्यात बसली तर कळतच न्हाई कुणी काय उपटलं."

एवढं बोलून ठकुबाई मध्येच थांबल्या. त्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि पदराचा बोळा तोंडाला लावला. "आगं बया," त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यो पेपर न्हवता तर. ती कडंची पात व्हती."

यशोदाबाई मोठ्यानं हसल्या, त्यांच्यामागं बाकीच्या. अर्जुनरावही हसले. ठरलं ते असं. येत्या रविवारी शाळेत पुन्हा परीक्षा, एकेकीची स्वतंत्र. कागद असेलच, पण अर्जुनराव समोर बसवून वाचूनही घेतील, आणि तोंडी विचारतील. कुणी कुणाच्या पातीला लागायचं नाही.

हसण्यात एकच चेहरा सामील नव्हता. मंजुळाबाई पाटीवरचा आठ बोटानं पुसत होत्या आणि पुन्हा काढत होत्या.

*

रविवारी दीपमालाला वर्गाच्या कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. तिला वाटलं होतं आपल्याला आपल्या बायका माहीत आहेत. तासाभरात तिचा तो समज गळून पडला.

यशोदाबाई ही तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. कागदावर त्यांनी मोती ओतले. पण अर्जुनरावांनी वर्तमानपत्रातल्या चार ओळी पुढे ठेवल्या तेव्हा यशोदाबाई अडखळल्या, थांबल्या, आणि पाटीवर गिरवल्यासारखी हवेत अक्षरं गिरवत त्यांनी त्या ओळी कशाबशा पुऱ्या केल्या. कितीतरी वर्षं त्या वहीत रामनाम लिहीत आल्या होत्या. त्यांच्या हाताला अक्षरांचा घाट माहीत होता, पण डोळ्यांना अजून त्यांची नीट ओळख नव्हती. इतके महिने सुंदर अक्षराला भुलून आपण त्यांना वाचायलाच लावलं नाही, हे दीपमालाच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

ठकुबाईंनी उलटं केलं. वजाबाकीची उदाहरणं त्यांनी कागदाकडे जेमतेम बघून सोडवली, उत्तरं सगळी बरोबर, पण रीत कुठंच नाही. "हातचा घेतला कुठं?" अर्जुनरावांनी विचारलं. "हातचा कशाला लागतो?" म्हणत त्यांनी बोटांची पेरं मोजून दाखवली, आधी दहावर यायचं, मग उरलेलं मोजायचं. डेअरीत दूध घालताना त्या असंच करायच्या. अर्जुनरावांनी ती रीत दोनदा बघितली, स्वतःच्या पेरांवर करून बघितली, आणि गुण देऊन टाकले.

ठकुबाई अजून त्यांना पेरं समजावत होत्या आणि दीपमालानं सहज यादीकडे नजर टाकली. पुढचं नाव मंजुळाबाईंचं होतं. मंजुळाबाईंना आणायला कुणीच गेलं नव्हतं. रोज जाणाऱ्या ठकुबाई इथं परीक्षेला बसलेल्या, बाकीच्या परीक्षेच्या धास्तीत भान विसरलेल्या. गणराजची आज कंपनीत ड्यूटी होती, सून माहेरी गेलेली. वर एकट्या मंजुळाबाई, नेसून तयार होऊन, दाराकडे बघत बसल्या असणार.

ती उठली, चपला शोधू लागली. तेवढ्यात व्हरांड्यातून स्वप्नालीचा आवाज आला, "या आजी, या. सावकाश."

मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. कपाळावर घाम, पाटी छातीशी, पदर खोचलेला. त्यांच्या मागं कुणीही नव्हतं. ठकुबाई पेरं मोजायची सोडून उठल्या. "मंजुळे! कुणी आणलं तुला?"

"कुणी न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि या दोन शब्दांनी त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं त्या जरा थांबल्या. "आधी लई वाट बघितली."

अर्जुनरावांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, कागद दिला. ठकुबाईंना त्यांनी हातानंच बाहेर जायची खूण केली, आणि ठकुबाई मागं बघत बघत गेल्या.

मंजुळाबाईंनी वाचलं ते थोडं वाचलं. बेरजा दोन जमल्या. वजाबाकीपाशी हात थंड पडले ते पडलेच, त्या उदाहरणांखालची जागा कोरी राहिली. दीपमाला कोपऱ्यात तळहातावर नखं रुतवून बसली होती. मग लेखनाचा प्रश्न आला. स्वतःविषयी तीन वाक्यं लिहा. मंजुळाबाई बराच वेळ पेन्सिल धरून बसल्या. मग लिहू लागल्या. एक अक्षर डोंगरावर, एक दरीत. मध्येच जिभेचं टोक बाहेर यायचं. अर्जुनराव घड्याळाकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले, आणि दीपमालाला त्या क्षणी ते सगळ्या जगातले सगळ्यात चांगले केंद्रप्रमुख वाटले.

मंजुळाबाई गेल्यावर त्यांनी कागद उचलला. वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि दीपमालाच्या हातात दिला.

'माझा दारात झाड नाही. लीफट आहे. मी खाली येते.'

दीपमालाला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. रडत रडतच तिनं अर्जुनरावांना लिफ्टच्या भीतीचं सांगितलं. भरतीची वाट बघण्यात घालवलेली सगळी वर्षं तिला त्या क्षणी वाया गेल्यासारखी वाटली नाहीत.

"लेखनाला पैकीच्या पैकी देतोय," अर्जुनराव म्हणाले. "काना-मात्रा राहिल्यात, पण यात कुणाचं झाड उसनं घेतलेलं नाही." मग त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या जागांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण मॅडम, गणितात मी काही करू शकत नाही. इथं काहीच नाही. प्रत्येक भागात पास व्हावं लागतं."

"माहीत आहे, सर."

"त्या लिफ्टनं एकट्या आल्या, हे मला कुठल्या रकान्यात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं हो."

*

निकाल आला. आठ जणी पास. मंजुळाबाईंच्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक'.

सरकारी भाषेत हा शब्द मायेनंच घातलेला असावा, पण ओट्यावर तो कसा वाचून दाखवायचा हे दीपमालाला समजेना. यशोदाबाईंनी पेढे आणले होते. ठकुबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. आणि मंजुळाबाई, हल्ली एकट्याच येणाऱ्या मंजुळाबाई, सगळ्यांच्या आधी जांभळाखाली बसलेल्या होत्या.

दीपमालानं आठ नावं वाचली. नववं वाचायच्या आधी ती पाणी प्यायली. मग तिनं ते सांगितलं, शक्य तितक्या हळुवारपणे, लेखनातले गुण आधी आणि गणितातले नंतर.

पेढ्यांचा खोका उघडा तसाच राहिला. ठकुबाईंनी मंजुळाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हंजी," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "मला पुन्हा बसाया लागंल?"

"हो. पुढच्या परीक्षेला."

"मंग तवर शाळा हाय?"

"आहे ना. तुमच्यासाठी आहे."

मंजुळाबाईंनी एकदम श्वास सोडला. कितीतरी दिवस कोंडून धरलेला असावा असा. "मला वाटलं, समद्याच पास झाल्या म्हंजी समदं संपलं. मंग हितं कोण येणार? म्या रोज देवाला म्हणत व्हते, एकीला तरी ठिव बाबा मागं." त्या लाजल्या. "मीच ऱ्हाईले, बरं झालं."

ठकुबाईंचं तोंड उघडं राहिलं. "आगं भवाने! आनि आमी तुझ्यासाठी रात रात झोपलो न्हाई!" मग त्यांच्या डोक्यात पुढचा प्रकाश पडला आणि त्या सुनेकडे वळल्या. "दीपे, मग आमी पास हून काय मिळिवलं? आमची शाळा बंद?"

दीपमालाला उत्तर देता येईना इतकं हसू येत होतं. "आणि गणराज?" तिनं कसंबसं विचारलं. "त्यानं तर पुरे म्हणून सांगितलंय."

"त्याला मी सांगती," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हणावं, कोण हसंल त्याला हसू दे. तुझी लिफ्ट मलाबी चालिवता येती."

ठकुबाईंनी पदर खोचला, सतरंजी मंजुळाबाईंच्या जवळ ओढली आणि बाकीच्यांना हाक घातली. "चला गं, सरका हिकडं. परीक्षा झाली न्हवं? आता तर कुणाची आडकाठी न्हाई. हिची एकटीची पात ऱ्हायलीया, वजाबाकीची. लागा समद्या हिच्या पातीला."

आठही जणी सरकल्या. यशोदाबाईंनी पाटीवर उदाहरण मांडलं, ठकुबाईंनी बोटांची पेरं पुढे केली, तिसरीनं पेन्सिल उचलली.

मंजुळाबाईंनी ती पेन्सिल तिच्या हातातून काढून घेतली.

"लागा," त्या म्हणाल्या, "पर खुरपं माझ्या हातात ऱ्हाऊ द्या."